पाचांपैकी दोघांनाच स्कीइंग शिकायचे आहे: बर्फात सगळ्यांनी मिळून कुठे जावे?

प्रश्न — रामबागवासी, इंदूर

नमस्कार. येत्या फेब्रुवारीत आमच्या घरातली पाच माणसे आठवडाभरासाठी बर्फाच्या डोंगरांत जाण्याचा बेत करीत आहोत. अडचण अशी की पाचांपैकी दोघांनाच स्कीइंग शिकायचे आहे. मुलगी महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला हा खेळ मनापासून, प्रशिक्षकाच्या हाताखाली शिकायचा आहे. धाकटा चौदा वर्षांचा आहे आणि ताई जाईल तिथे तो जाणारच. यजमानांना आणि मला घसरण्याची हौस नाही, पण दोघांनाही चालायला आवडते. सासूबाईंनी सत्तरी ओलांडली आहे, गुडघे दुखतात आणि रक्तदाबाची गोळी रोज चालू असते. आकाशातून बर्फ पडताना एकदा पाहावा ही त्यांची फार जुनी इच्छा आहे, त्यामुळे त्यांना मागे ठेवून जाण्याचा प्रश्नच येत नाही.

सहल कंपन्यांकडे चौकशी केली, तर बहुतेकांचा साचा एकच दिसतो: रोज नवे ठिकाण, आणि मध्येच कुठेतरी तासाभराचे स्कीइंग, ज्यात पायांत पट्ट्या अडकवून छायाचित्र काढण्यापलीकडे फारसे काही होत नसावे. मुलांच्या शिकण्यासाठी एकाच ठिकाणी मुक्काम करावा, तर उरलेल्या तिघांनी, विशेषतः सासूबाईंनी, दिवसभर काय करायचे हे कळत नाही. उत्तराखंडातले औली, काश्मीरमधले गुलमर्ग आणि हिमाचलमधले मनाली अशी तीन नावे समोर आहेत. घरातल्या वडीलधाऱ्यांना सोबत घेऊन ज्यांनी असा प्रवास केला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. इंदूरहून जाण्याचा मार्ग, उंचीचा त्रास आणि शाकाहारी जेवण यांविषयीही सांगावे.

प्रतिसाद — हिमवाट, इंदूर

ताई, आपल्या कुटुंबाची रचना पाहता गुलमर्गला जावे असे मी सुचवेन, आणि त्यामागचे कारण जरा विस्ताराने सांगतो.

अशा मिश्र कुटुंबाने ठिकाण ठरवताना स्की न करणाऱ्यांचा विचार आधी करावा, असे माझे ठाम मत आहे. नवशिक्याची गरज मोजकीच असते: मंद उताराचा, नीट दाबलेल्या बर्फाचा एक पट्टा, पायांना बरोबर बसणारे बूट आणि संयमी प्रशिक्षक. हे तिन्ही ठिकाणी मिळू शकते. पण जो स्की करत नाही, त्याचा दिवस सर्वस्वी गावाच्या घडणीवर अवलंबून असतो. त्याला चार पावले सपाटीवर चालता येतात का, थंडी वाजली की पाच मिनिटांत उबदार खोलीत परतता येते का, आणि शिकायला गेलेली मुले त्याच्या नजरेच्या टप्प्यात राहतात का, यावर त्याची सहल सुखाची होते की कंटाळवाणी, हे ठरते.

गुलमर्ग या कसोटीला उतरते. बारामुल्ला जिल्ह्यातले, समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंचीवरचे ते एक खोलगट बशीसारखे कुरण आहे. उन्हाळ्यात तिथे गोल्फ खेळतात. हिवाळ्यात तेच मैदान बर्फाखाली जाते आणि त्याच्या कडेच्या सौम्य उतारांवर नवशिक्यांचे वर्ग भरतात. हॉटेले याच कुरणाभोवती आहेत. त्यामुळे सकाळी मुले वर्गाला गेली, तरी आजी ऊन पडल्यावर खुर्ची टाकून किंवा काचेआडून त्यांना पाहू शकतात, आणि दुपारचे जेवण सगळ्यांना एकत्र घेता येते. स्की करणारे दिवसभर डोंगरापलीकडे आणि बाकीचे हॉटेलात, अशी फाटाफूट तिथे होत नाही. हॉटेल निवडताना मात्र ते नवशिक्यांच्या उतारापासून किती पावलांवर आहे, खोली तळमजल्यावर मिळेल का आणि रात्रभर खोली तापवण्याची सोय कशी आहे, हे तिन्ही प्रश्न दूरध्वनीवरून स्पष्ट विचारून घ्यावेत. खोलीच्या सजावटीपेक्षा या तीन गोष्टींना कितीतरी अधिक मोल आहे.

आता शिकण्याविषयी. गुलमर्गला या खेळाची जुनी परंपरा आहे. इंग्रजांनी १९२७ मध्ये तिथेच स्की क्लब ऑफ इंडियाची स्थापना केली, आणि आज केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या अखत्यारीतली भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्था तिथे अभ्यासक्रम चालवते. २०२० पासून खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धाही तिथे होतात. संस्थेच्या वर्गाच्या तारखा आपल्या रजेशी जुळल्या तर उत्तमच. नाहीतर स्थानिक प्रशिक्षक सलग काही दिवसांसाठी ठरवता येतो. सलग हा शब्द मुद्दाम वापरला आहे. पहिला दिवस जड बूट घालून चालण्यात, पडण्यात आणि पडल्यावर उठण्याची रीत शिकण्यात जातो. मग उतारावर आडवे उभे राहून पायरी-पायरीने चढणे, आणि दोन्ही स्कींची टोके जवळ आणून मागचे भाग फाकवत वेग आवरणे शिकवतात, ज्याला प्रशिक्षक स्नोप्लाऊ म्हणतात. वळणे घेणे त्यानंतर येते. तासाभराच्या स्कीइंगमध्ये माणूस यांपैकी पहिल्याच पायरीवर उरतो, आणि हा खेळ आपल्याला जमणारा नाही असा चुकीचा समज घेऊन परततो. साचेबंद सहलींबद्दलची आपली शंका अगदी योग्य आहे. बूट भाड्याने घेताना घाई करू देऊ नका: टाच बुटात उचलली जाता कामा नये आणि बोटे हलली पाहिजेत. हेल्मेट दोघांनाही हवेच.

गोंडोलाबद्दल, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या केबल कारबद्दल, एक गोष्ट नीट समजून घ्यावी. तिचे दोन टप्पे आहेत. पहिला गुलमर्गहून कोंगडोरीपर्यंत, म्हणजे सुमारे ३,१०० मीटरपर्यंत नेतो. तो १९९८ मध्ये सुरू झाला. दुसरा, २००५ मध्ये सुरू झालेला, अफरवाट शिखराच्या खांद्यावर ३,९०० मीटरच्याही वर पोहोचतो. तिकिटे जम्मू-काश्मीर केबल कार कॉर्पोरेशनच्या संकेतस्थळावर आगाऊ काढावी लागतात, आणि हंगामात ती लवकर संपतात. वारा वाढला की वरचा टप्पा बंद ठेवतात. आपल्या पाचही जणांना पहिला टप्पा पुरेसा आहे. अफरवाटचे बहुतेक उतार यंत्राने दाबलेले नसतात. तिथे हिमस्खलनाचा धोका खरा आहे, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन पोलिश स्कीपटूंना त्यात प्राण गमवावे लागले. चार दिवस शिकलेल्या मुलाला कोणी वरून खाली आणतो म्हणाले, तर ठाम नकार द्यावा.

उरलेल्या वेळेसाठी: कुरणाभोवतीचा रस्ता चालायला सुरेख आहे. १९०२ सालचे सेंट मेरी चर्च बर्फात फार देखणे दिसते. टेकाडावरचे १९१५ मधले महाराणीचे शिवमंदिर आपल्या सासूबाईंना पाहावेसे वाटेल, पण जून २०२४ मधल्या आगीत त्याचे मोठे नुकसान झाले आहे, तेव्हा जाण्याआधी चौकशी करावी. खाली टंगमार्गजवळ द्रंग येथे गोठलेला धबधबा पाहता येतो. लाकडी स्लेजवर बसवून माणसे ओढत नेतात. त्या खेचणाऱ्यांचे वर्षभराचे पोट या दोन-तीन महिन्यांवर चालते, म्हणून दर आधी ठरवून घ्यावा, पण फार ताणून धरू नये. सासूबाईंना मात्र स्लेज सुचवणार नाही, कारण खालून बसणारे धक्के पाठीला आणि गुडघ्यांना सोसत नाहीत.

प्रतिसाद — सयाजीगंज, बडोदे

हिमवाट यांनी गुलमर्गची बाजू उत्तम मांडली आहे, पण मनालीला इतक्या सहज बाजूला सारू नये असे मला वाटते. स्की न करणाऱ्यांचा विचार आधी, हेच सूत्र धरले, तर मनालीची बाजू भक्कम होते. तिथे हॉटेल गावात, सोलंग दरी तेरा-चौदा किलोमीटरवर. मुले सोलंगला गेली, की उरलेल्यांना देवदारांच्या राईतले १५५३ सालचे हिडिंबा मंदिर, वशिष्ठ येथील गरम पाण्याचे कुंड आणि नग्गरचा लाकूड-दगडी किल्ला असे पाहण्याजोगे पुष्कळ आहे. शिवाय ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झालेला, नऊ किलोमीटरहून थोडा अधिक लांबीचा अटल बोगदा ओलांडला, की लाहौलमधल्या सिस्सूला तासा-दीड तासात बर्फ गाठता येतो. महाभारतातली नावे आणि गरम पाण्याचे कुंड या दोन गोष्टी आमच्या आईला बर्फाइतक्याच भावल्या होत्या.

दोन उणिवाही सांगतो. मनाली गावातच बर्फ पडेल याची खात्री नसते, आणि सोलंगला बहुतांश व्यवहार अर्ध्या-एक तासाच्या भाड्याचा आहे. नीट शिकायचे, तर मनालीच्या अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्थेच्या स्की अभ्यासक्रमासाठी आधी नाव नोंदवावे लागते, आणि तो तरुण, धडधाकट विद्यार्थ्यांसाठी आखलेला, शिबिराच्या शिस्तीचा असतो. तेव्हा मुलगी शिबिरात आणि बाकीचे हॉटेलात, असे होण्याची शक्यता आहे.

औलीबद्दल थोडक्यात. तिथून दिसणारी नंदादेवी, ७,८१६ मीटरची, हे आयुष्यभर पुरणारे दर्शन आहे, उतार चांगले आहेत आणि गढवाल मंडल विकास निगमाचे स्की अभ्यासक्रमही आहेत. पायथ्याच्या जोशीमठात नृसिंह मंदिर आहे. पण जानेवारी २०२३ मध्ये तिथली जमीन खचू लागल्यापासून जोशीमठ–औली रोपवे बंद पडला, आणि ऋषिकेशहून जोशीमठापर्यंतचा सुमारे अडीचशे किलोमीटरचा घाटरस्ता दुखऱ्या गुडघ्यांच्या माणसाला हिवाळ्यात करायला लावू नये. मुलगी पुढे मैत्रिणींबरोबर गेली तर औली तिला नक्की सुचवा.

प्रतिसाद — डॉक्टरकाकू, ग्वाल्हेर

मी वैद्यकीय व्यवसायात आहे, म्हणून फक्त प्रकृतीबद्दल लिहिते. सासूबाईंच्या नेहमीच्या डॉक्टरांचा सल्ला निघण्यापूर्वी घ्यावा. पुढचे सगळे त्याला जोड म्हणून वाचावे.

इंदूर साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. विरळ हवेचा त्रास साधारणपणे २,५०० मीटरनंतर संभवतो, म्हणजे गुलमर्ग त्या सीमेच्या थोडेसे वर येते. म्हणून विमानतळावरून किंवा स्थानकावरून थेट वर न जाता श्रीनगरला, जे १,६०० मीटरच्या जवळपास आहे, एक-दोन रात्री राहावे. बहुतेक ज्येष्ठ माणसांना गुलमर्ग सोसते. पहिल्या दिवशी डोके दुखणे, भूक मंदावणे, झोप न लागणे असे होऊ शकते. विश्रांतीने ते कमी न होता वाढले, किंवा बसल्या जागी धाप लागू लागली, तर सकाळची वाट न पाहता खाली उतरावे. गोंडोलाचा दुसरा टप्पा त्यांच्यासाठी नको, असे मी स्पष्ट सांगेन. एका तासाच्या आत १,२०० मीटरहून अधिक उंची वाढवणे त्या वयात, रक्तदाब असताना, शहाणपणाचे नाही.

थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो, म्हणून गोळ्या एका दिवसानेही चुकवू नयेत आणि रक्तदाब मोजण्याचे यंत्र सोबत ठेवावे. थंडीत तहान लागत नाही, तरी कोमट पाणी घेत राहावे. औषधे सामानाच्या मोठ्या पिशवीत न टाकता जवळच्या पिशवीत ठेवावीत, कारण बर्फामुळे सामान आणि माणसे वेगवेगळ्या गाड्यांत जाण्याची वेळ येते.

अंगाला लागून सुती कपडे नकोत. घामाने किंवा बर्फाने ओले झालेले सूत अंग गारठवते. आत उष्णतारोधक बनियन, त्यावर लोकर, आणि सर्वांत बाहेर वारा-पाणी अडवणारा कोट अशी रचना करावी. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत किरण परत फेकतो, म्हणून सूर्य अडवणारा चांगला चष्मा पाचही जणांना हवा, केवळ स्की करणाऱ्यांना नव्हे. वृद्धांना खरी भीती उंचीपेक्षा पडण्याची असते. सकाळी रस्त्यावर बर्फाची काच झालेली असते; बुटांना लावायचे खिळ्यांचे पट्टे आणि टोकाला खिळा असलेली काठी घ्यावी, आणि सासूबाईंनी ऊन वर आल्यावरच बाहेर पडावे. खोलीत कोळशाची किंवा लाकडाची बुखारी असेल तर तिचा धूर बाहेर जातो ना हे पाहून, झोपताना खिडकीची फट उघडी ठेवावी. कोंडलेल्या खोलीतला कार्बन मोनॉक्साइड वास न येता जीव घेतो. दुलईत कांगडी, म्हणजे निखाऱ्यांचे वेताच्या टोपलीतले मडके, घेऊन झोपण्याचा मोह नवख्या माणसाने टाळावा.

रामबागवासी, इंदूर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. घरी सगळ्यांनी मिळून हे वाचले. सासूबाईंना नातवंडे समोर दिसत राहतील ही गोष्ट सर्वांत पटली, आणि कौल गुलमर्गच्या बाजूने पडला. त्यांची विमानात बसण्याची तयारी आहे, पण मुलांना काश्मीरची नवी रेल्वे पाहायची आहे. रेल्वेने जाणे शक्य आहे का? आणि मनात सलणारा दुसरा प्रश्न असा, की एवढे करून तिथे बर्फच नसला तर?

प्रतिसाद — हिमवाट, इंदूर

रेल्वे शक्य आहे, आणि इंदूरकरांना तर सोयीची आहे. आपली मालवा एक्सप्रेस उज्जैन, भोपाळ, ग्वाल्हेर, दिल्ली करत श्री माता वैष्णोदेवी कटरा स्थानकापर्यंत जाते. कटऱ्याला रात्रीचा मुक्काम करावा. रात्रभराच्या प्रवासानंतर सासूबाईंना तो हवाच. तिथून श्रीनगरसाठी वंदे भारत गाडी आहे, जी जून २०२५ मध्ये सुरू झाली आणि साधारण तीन तासांत पोहोचवते. वाटेत चिनाब नदीच्या पात्रापासून ३५९ मीटर उंचीवरचा कमानी पूल लागतो, आणि पीर पंजालच्या पोटातला अकरा किलोमीटरचा बोगदा ओलांडला की मुलांना अचानक काश्मीरचे खोरे समोर दिसेल. हिवाळ्यात जम्मू–श्रीनगर महामार्ग दरडींनी आणि बर्फाने वारंवार बंद पडतो, विमानेही रद्द होतात, त्या मानाने ही रेल्वे अधिक भरवशाची आहे. माझा सल्ला असा, की जाताना रेल्वे घ्यावी आणि येताना दिल्लीमार्गे विमान, म्हणजे परतीचा शीण कमी होईल. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते. परतीच्या विमानाआधीची एक रात्र श्रीनगरमध्ये मोकळी ठेवावी. तिथून गुलमर्ग पन्नास किलोमीटर आहे. बर्फ जास्त असेल तर टंगमार्गला गाडी बदलून चाकांना साखळ्या लावलेल्या वाहनाने शेवटचे तेरा किलोमीटर चढावे लागतात. बाहेरच्या राज्यातले प्रीपेड सिम तिथे चालत नाही, तेव्हा निदान एक पोस्टपेड क्रमांक सोबत असू द्यावा.

बर्फाची हमी कोणीही देऊ शकत नाही, आणि जो देतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात हिमालयावर बर्फ टाकतात. आपल्या माळव्यात हिवाळ्यात मावठा पडतो, तोही याच झंझावातांच्या प्रभावाने. ते कमी आले की काश्मीर कोरडे राहते. जानेवारी २०२४ मध्ये जवळजवळ महिनाभर गुलमर्गचे कुरण तपकिरी होते, आणि मग महिन्याच्या अखेरीस बर्फवृष्टी सुरू झाली. २०२५ मध्येही फेब्रुवारीत बर्फ कमी पडल्याने खेलो इंडियाच्या गुलमर्गमधल्या स्पर्धा पुढे ढकलून मार्चमध्ये घ्याव्या लागल्या. काश्मिरी लोक २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना चिल्ले कलान म्हणतात. थंडी तेव्हा सर्वांत कडक असते, आणि रात्री पारा उणे दहाच्या आसपास उतरतो. आपण त्यानंतर, फेब्रुवारीच्या पहिल्या किंवा दुसऱ्या आठवड्यात जावे. तोपर्यंत साचलेला बर्फ असण्याची शक्यता चांगली, दिवस थोडा मोठा, आणि नवा बर्फ पडण्याचीही आशा असते, जी सासूबाईंच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. हॉटेल असे घ्यावे, ज्याचे पैसे आठवडाभर आधी रद्द केल्यास परत मिळतात.

जेवणाची चिंता नसावी. गुलमर्गच्या बहुतेक हॉटेलांत शाकाहारी जेवण मिळते, आणि श्रीनगरमध्ये नद्रू म्हणजे कमळाच्या देठाची भाजी, हाक नावाची पालेभाजी आणि राजमा-भात आवर्जून खावा. तरी सासूबाईंसाठी भाजणी, मेतकूट आणि थोडा तांदूळ न्यावा.

प्रतिसाद — सयाजीगंज, बडोदे

कौल मान्य आहे. माझी एवढीच भर: बर्फ खरोखर कमी असला, तर गुलमर्गचे दोन दिवस कमी करून ते श्रीनगरला द्यावेत. दल सरोवराच्या काठच्या हिवाळी सकाळी, शंकराचार्य टेकडी आणि तुळमुळ्याचे खीरभवानी देवीचे मंदिर यांतच ज्येष्ठांचे मन रमेल, आणि त्या दिवसांत मुलांना कोंगडोरीच्या उंचीवर बर्फ मिळण्याची शक्यता खालच्या कुरणापेक्षा अधिक असते. शंकराचार्य टेकडीवर गाडी वरपर्यंत जाते, पण त्यापुढे मंदिरापर्यंत अडीचशेच्या आसपास पायऱ्या आहेत, हे गुडघ्यांचा विचार करून आधीच लक्षात घ्यावे. खीरभवानीला पायऱ्यांचा तसा त्रास नाही.

रामबागवासी, इंदूर

मग आम्ही असे ठरवले आहे: मालवा एक्सप्रेसने कटरा, तिथे एक रात्र, श्रीनगरला दोन रात्री, मग गुलमर्गला सलग चार रात्री आणि परतताना पुन्हा श्रीनगरला एक. आठवड्याचे नऊ-दहा दिवस झाले, पण यजमानांनी रजेची तयारी दाखवली आहे. सासूबाईंच्या डॉक्टरांची वेळ सोमवारची घेतली आहे. त्यांनी होकार दिला की त्याच संध्याकाळी मुलगी संस्थेच्या वर्गाच्या तारखा विचारेल, आणि त्या तारखांवर बाकीचे आरक्षण बसवू. खीरभवानीचे नाव वाचून सासूबाईंनी ते वहीत टिपून घेतले आहे.